निळ्या चपलेचे ठसे

२ ऑक्टोबर १९८५
सुट्टी. अरुण घरी, म्हणजे चहाच्या दोन फेऱ्या जास्त. सकाळी माझ्या जुन्या निळ्या स्लिपरचा पट्टा तुटला. मोच्याकडे न्यायला घेतली आणि तशीच हातात धरून बसले. मग टाचेचा तुकडा ब्लेडने कापला, त्यावर पणती कोरली, स्टॅम्पपॅडवर दाबून दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानावर उठवली. झकास उठली. आजवर ठसे खोडरबरावर कोरायचे, त्यात एवढीशी जागा, इथे अख्खं मैदान.

अरुण म्हणतो, "उद्यापासून ऑफिसला अनवाणी जातो मग."

रात्रीच्या जेवणात आबांनी सांगून टाकलं. तुळशीचं लग्न झालं की ते गावी जाणार, कायमचे. भाजी वाढ म्हणावं इतक्या साधेपणाने. मिल बंद झाल्यापासून हेच मनात असणार. अरुण नुसता "बरं" म्हणाला. बाप चाललाय आणि हा बरं म्हणतो. मी ताट उचलून आत गेले, उगाच नळ सोडला.

सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. दीड वर्ष झालं, दिवसभर घरात मी आणि सासरे, दोघंच. ते फार बोलत नाहीत. खिडकीतली खुर्ची, पेपर, चारला चहा. पण दोन कप चहाची सवय झाली आहे. एकटीपुरता एक कप ठेवायला मला नाही आवडणार. नको जायला त्यांनी.

५ ऑक्टोबर
सामंतकाकू आल्या होत्या. सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यामुळे बेल न वाजवता येतात. पणतीच्या ठशाचं एक कार्ड करून ठेवलं होतं, ते पाहिलं. दिवाळीच्या स्टॉलसाठी अशी साठ हवीत म्हणाल्या. "पण वर गणपती पाहिजे हां. नुसत्या पणत्या काय, बोरिवली स्टेशनबाहेर ढिगाने पडल्यात."

हो म्हणून बसले. गणपती आयुष्यात कोरलेला नाही.

"आणि पितृपक्ष संपल्यावर सुरुवात कर." हो म्हटलं. त्या गेल्यावर लगेच घेतलं करायला. सराव म्हणजे काही सुरुवात नाही.

११ ऑक्टो.
गणपती नं. १ चा हत्तीसुद्धा झाला नाही. नं. २ ला कान एकच. बोट कापलं, थोडंसंच. आबा खिडकीतून बघत होते, म्हणजे बघत नव्हते असं दाखवत होते.

१५ ऑक्टो.
घट बसले. आता राजरोस काम. खालच्या शिंप्याकडून नागमोडी कात्री मागून आणली, कापडाचे काठ कापतात ती. कार्डशीटला काय सुंदर काठ येतो तिने. संध्याकाळच्या आत परत करायची अट, कागदाने धार जाते म्हणून कुरकुरत होता. पतंगाच्या कागदाचे छोटे कंदील कापून आत चिकटवले. कार्ड उघडलं की कंदील उभा राहतो. मी ते पंधरा वेळा उघडून बघितलं.

१८ ऑक्टो.
जमला. जमला एकदाचा. नं. ५. निळ्या चपलेच्या पंजाकडच्या भागावर, तिथे रबर कमी झिजलं होतं. चित्र कॅलेंडरवरून ट्रेसिंग पेपरने उतरवलं, कोरलं, लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवलं. लाल रंगात चाळीस कार्डं छापली, सगळ्या खोलीत वाळत घातली. आबांना बाथरूमला जायला वाट नाही. एक पाय इथे, एक तिथे ठेवत, धोतर सावरत गेले बिचारे.  एका कार्डाकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं आवडलं असणार.

१९ ऑक्टो.
वाट लागली.

काकूंनी पहिलं कार्ड उचललं आणि खालीच ठेवलं. "अगं सुमन, हा उजव्या सोंडेचा." मी बघतच राहिले. कॅलेंडरावरची सोंड डावीकडे वळलेली, मी डावीकडेच कोरली. छापताना सगळं उलटं होतं हे त्या आनंदात डोक्यातच आलं नाही. पणतीला डावंउजवं नसतं ना.

"उजव्या सोंडेचा कडक असतो. त्याचं सोवळं कोण पाळणार? लोक कार्ड टीव्हीवर ठेवतात, बाजूला ॲशट्रे. एक जण घेणार नाही." त्यांचंही खरं. चाळीस कार्डं.

काकू गेल्या. आबा खुर्चीतून उठून आले. माझ्या हातातला ठसा घेतला, बोटाने चाचपला.

"कशार कोरलंस?"

मी कार्डं गोळा करायला लागले.

"सुमन, कशार?"

"चपलेवर," म्हटलं.

त्यांनी ठसा पाटावर ठेवला. हात धुतले. पुन्हा खिडकीत. मला हे सुचलंच कसं नाही? दोन आठवडे मला फक्त मऊ रबर दिसत होतं. पायातली चप्पल दिसलीच नाही. फार लाज वाटते आहे.

२० ऑक्टो.
आबांनी चारचा चहा घेतला नाही. तसाच साय धरून राहिला. त्यांनी गावाला जाऊ नये म्हणून मी मनात शंभर बेत करत होते, आणि आता मीच त्यांना हाताने एसटीत बसवते आहे. अरुणला सांगितलं तर हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

कार्डांचं करायचं काय? रद्दीत देववत नाहीत. जाळवतही नाहीत. पलंगाखाली ठेवली तर पलंगावर झोपायचं कसं. सध्या देव्हाऱ्याशेजारी, स्टुलावर.

२१ ऑक्टो.
सकाळी अरुण गेल्याबरोबर आबा कपडे करून तयार. "कार्डां घे सगळी. खाडयेर जावया." दोन दिवसांनी पहिले शब्द.

कापडी पिशवीत चाळीस कार्डं, ठसा, हळदकुंकू, दोन फुलं. बसने गोराईच्या खाडीवर, जेट्टीला. आबांनी हात जोडले, मी जोडले, पुटपुटत अर्धी आरती म्हटली, कार्डं पाण्यात सोडली. ती बुडेनात. चाळीस गणपती ओळीने आमच्याकडेच परत यायला लागले. ठसा तर सगळ्यात पुढे.

टोपली घेऊन होडीची वाट बघत एक कोळीण बसली होती. म्हणाली, "भरती हाय बाय. आता टाकशील ते सगला परत येल. ओहोटी लागू दे."

मग पायरीवर बसून हाताला लागतील तेवढे देव पुन्हा गोळा केले. ओले. आबा ठसा उचलून म्हणाले, "चपलेचो आसा तो, बुडतलो कसो?" आणि हसले. मी आबांना हसताना पहिल्यांदा पाहिलं असं म्हणणार होते, पण खरं तर तिसऱ्यांदा.

ओहोटीला दीड तास होता. तेवढ्यात ते जे बोलले ते दीड वर्षात बोलले नव्हते. ते मिलमध्ये होते एवढंच मला माहीत. कापडावर छाप उठवायच्या खात्यात, तांब्याच्या मोठ्या रुळांवर फुलं, वेली, कुयऱ्या कोरायचे. "तीस वर्सां उलटाच बघलंय मी. उलटा कोरूचा, मगे सुलटा उठता." कोणाची साडी रस्त्यात दिसली की हे आपलंच फूल, असं ओळखायचे. सासूबाईंना त्या गोष्टीचा राग यायचा म्हणे, बायकांकडे काय बघताय.

अरुणने मला हे कधीच सांगितलं नाही. कदाचित त्यालाही धड माहीत नसेल.

मी सरळ म्हटलं, आबा, जाऊ नका तुम्ही.

"हयसर माका काम काय? खिडकीत बसान गाडयो मोजू?"

मी ओली कार्डं चवडीने लावत बसले. ओहोटी लागली. ठशाला दगड बांधला. या वेळी सगळे गेले.

२३ ऑक्टो.
दसरा. पूजेच्या वेळी आबांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली कोरणी काढली. लाकडी मूठ काळी झालेली. पाटावर ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं. दर दसऱ्याला मिलमध्ये अशीच पूजा व्हायची. मग माझ्याकडे वळून, "तुझा ब्लेड खंय?"

माझं अर्धं ब्लेड. एका बाजूला पट्टी लावलेलं, शाईने लाल झालेलं. कोरणीशेजारी ठेवलं, त्यालाही एक फूल.

आरती झाल्यावर नियम सांगितला. "दिवो चपलेर चलात. फुलां चलात. देव नाय." मी मान डोलावली. दुपारी चारला दोन कप.

२६ ऑक्टो.
आबा स्वतः जाऊन मोठी खोडरबरं घेऊन आले, चार. ठोकळ्यावर शेजारी शेजारी चिकटवली. "आरसो हाड." मी दाढीचा आरसा आणून दिला. त्यात कॅलेंडर धरून, आरशातलं बघत त्यांनी कोरलं. हात थोडा थरथरतो, पण कोरणी टेकली की थांबतो. सोंड डावीकडे. पोटावरचं जानवं केसाएवढं बारीक. माझा नं. ५ आठवून शरम वाटली आणि मजाही.

मला कुयरी शिकवताहेत. माझा हात घाईचा आहे म्हणतात. खरं आहे.

३० ऑक्टो.
अरुणची घरातली, बाथरूमची स्लिपर सापडत नाही. मी डबे आवरायला घेतले. आबांनी पेपर वर धरला.

९ नोव्हेंबर
सोसायटीच्या हॉलमध्ये स्टॉल. आबा आले नाहीत. साडेअकराला साठच्या साठ कार्डं संपली, चिवड्याच्या आधी. काकूंनी आपली दोन आधीच काढून ठेवलेली. "हा गणपती कुठल्या प्रेसमध्ये छापून घेतलास गं?" मी म्हटलं, घरच्याच प्रेसमध्ये. पणतीच्या ठशाबद्दल, तो कशाचा वगैरे, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

घरी आल्याबरोबर आबांना सांगितलं. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने आतून विचारलं, "कुयरीची किती गेली?" काठाला तुमची कुयरी होती ती सगळ्यात आधी गेली म्हटल्यावर पुन्हा, "हं."

१३ नोव्हेंबर
दिवाळी. फराळ, पाहुणे, पाय दुखतात. आबा पाहुण्यांना खोका उघडून ठसे दाखवतात. एकूण सव्वीस. चपला किती गेल्या ते अरुणच जाणे.

मला वाटायला लागलं आहे की नाही जाणार ते.

२४ नोव्हेंबर
गॅलरीत तुळशीचं लग्न लागलं. अंतरपाट म्हणून माझा रुमाल. अक्षता टाकून झाल्यावर आबांनी खिशातून एसटीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. गुरुवारचं. कधी काढलं देव जाणे. मी खूप चिडले. सव्वीस ठसे केले ते कोणासाठी, असं सरळ विचारलं.

म्हणाले, भात कापून झालंय, चुलतभाऊ एकटा किती बघणार, घर चार वर्षं बंद आहे, उघडून तरी बघतो. मी विचारलं, कायमचे जाताय का? "बघूया."

आधी कायमचं होतं. आता बघूया झालं. अरुणच्या मते ही प्रगती आहे.

२८ नोव्हेंबर
गेले. स्टँडवर अरुणच रडला, मी नाही. मला धक्काच बसला. रुमाल दिला त्याला, तोच, अंतरपाटाचा.

घरी येऊन पाहिलं. काळी ट्रंक इथेच आहे. कोरणी मात्र नेली. याचा काय अर्थ लावायचा? चारला चहा ठेवला. सवयीने दोन कप. दोन्ही मीच प्यायले.

१९ डिसेंबर
पत्र नाही. काकूंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पस्तीस कार्डं हवीत. तिळगुळाच्या वाटीचा ठसा कोरला. उलटं कोरायची इतकी सवय झाली आहे की काल किराण्याची यादीसुद्धा मनात उलटी आली. वाटी ठीक उठली, पण काठ जाड. आबा असते तर म्हणाले असते, घाई.

२ जानेवारी १९८६
पत्र नाही. अरुण म्हणतो, आबांनी आयुष्यात कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तू वाट बघू नकोस. स्वतः मात्र आल्या आल्या खालची पत्रपेटी बघून येतो.

११ जानेवारी
आलं.

पत्र नाही, कार्ड आहे. वहीच्या पुठ्ठ्याचं, मध्ये दुमडलेलं. वर ठसा. आमचं गावचं घर. कौलं मोजता येतात, अंगणात तुळस, पायरीवर चपलांचे दोन जोड. पांगाऱ्याच्या मऊ लाकडावर कोरलं असणार. शाई नव्हती वाटतं, काजळीत तेल घालून छापलंय, बोटाला लागतं अजून. कडा नागमोडी, पण कात्रीने नाही, एकेक टोक ब्लेडने कापलंय. किती वेळ लागला असेल. मी ते अरुण येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

आत चार ओळी. "चि. सौ. सुमन हिस आशीर्वाद. तिळगूळ घ्या, गोड बोला. घर ठीक आहे. गावात शाळेच्या मास्तरांनी ठसे मागितले आहेत, फुलांचे. इथली चप्पल कडक, कोरताना तुटते. निळी पाठव. एक पाय पुरे."

अरुणने तीनदा वाचलं. "म्हणजे येणार की नाही?"

मला काय माहीत.

१३ जानेवारी
दुकानात जाऊन निळी स्लिपर घेतली. नवी कोरी, आठ नंबर. दुकानदार म्हणाला पायात घालून बघा, म्हटलं नको. डावा पाय पार्सल करून पोस्टात टाकला. उजवा इथे ठेवला आहे, त्यांच्या खुर्चीखाली.