विमलच्या नावाचे पाकीट

आदिलाबाद, बुधवार, कार्तिक वद्य षष्ठी

पेनाचे टोपण हरवणे हे महापातकांत गणायला हवे होते. स्मृतिकार कसे विसरले कोण जाणे. सदऱ्याचा खिसा निळा झालाय. सौ. म्हणाली, "आता खिशालेच टोपण शिवते."

माझ्या दैनिकासाठीचे बातम्यांचे रोजचे पाकीट नांदेडच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायला स्टँडवर गेलो, तर तामसीकडच्या मास्तरांची मुलगी विमल वाट पाहत उभी. गावच्या शाळेला छप्पर नाही, पोरं कडुलिंबाखाली बसतात, यावर तिने पहिलीच बातमी लिहून आणलेली. वाचली. माझ्यापेक्षा साधी, म्हणजे चांगलीच.

"काका, तुमच्या नावानं धाडा ना. माहं नाव पाहून कोन छापते?"

"तुझ्याच नावाने जाईल."

"लय भरवसा हाय तुमाले माह्यावर."

"तुला नाही, म्हणून मला ठेवावा लागतो."

ती हसली. "पयले टोपण तं सांभाळा, काका."

वेगळे पाकीट केले. वर तिचे नाव लिहिताना शाईचा डाग पडलाच. ड्रायव्हरने दोन्ही पाकिटे समोरच्या काचेशी ठेवली आणि बस गेली.

आता पाय ओढत घरी येऊन बसलोय. उगाच मोठेपणा केला का? माझ्या नावाने गेली असती तर नक्की छापली असती. हे तिलाही ठाऊक होते. टोपण उद्या नवे मिळेल. पण बातमी आली नाही, तर पोरगी मला बोल लावणार नाही. आपल्यालाच जमत नाही असे धरून लिहिणे सोडून देईल. मला त्याचीच भीती वाटते.