जित्त्यांची पंगत

२६ जानेवारी

आमच्या सिंदीत झेंडावंदन झालं. दरवर्षीसारखं देवकाबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. त्यांचा मुलगा प्रफुल फौजेत होता. सीमेवर मारला गेला, त्याला सात वर्षं झाली. फोटो काढून झाले आणि सगळे जिलबीकडे वळले. मी त्यांना घरी सोडायला निघाले.

रस्त्यात थांबल्या. म्हणाल्या, "प्रेरणा, माह्या पोराच्या मयतीले अख्खी सिंदी आलती. दुकानं बंद, पोरं झाडावर चढलेली. एवढी माणसं त्याच्यासाठी आली, अन् त्यालेच दिसली नाई."

नारळ माझ्याच हातात होता.

"सुट्टीवर ये तवा घरातच बसून राहे बिचारा. कोणी इचारे नाई, कवा आला म्हणून. जे जित्ते हायेत त्यायले बोलवा न बाई. जेवू घाला."

एवढं बोलून आत गेल्या.

२७ जानेवारी

दुकानात लक्ष नव्हतं. एकीने ब्लाउजपीस मागितला, मी परकर काढून दिला.

दुपारी केशवला सांगितलं — सिंदीतले, आसपासचे, जे कोणी फौजेतून निवृत्त झालेत, जे सुट्टीवर आलेत, सगळ्यांना जेवायला बोलवायचं. नवरा माझा कापड मोजत होता, हात थांबला नाही. "आणि करणार काय?"

"रोडगे. वांग्याची भाजी, वरण, तूप."

"मग मी पण येतो," म्हणाला. रोडग्यांचं नाव काढलं की हा माणूस कशालाही तयार होतो.

३० जानेवारी

पंगतीसाठी शेजारच्या शकुंतलाबाईंचं वावर ठरलं. कापूस वेचून झालाय, मोकळं आहे. रविवार, आठ तारीख. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. कोणी गव्हाचं जाडं पीठ धरलं, कोणी वांगी, कोणी तूप. रोडगे भाजायच्या गोवऱ्यांचं देवकाबाईंनी स्वतःकडे घेतलं.

मी एकच अट घातली. स्टेज नाही, माईक नाही, शाल-श्रीफळ नाही. त्यांनी बसायचं, आपण वाढायचं.

शकुंतलाबाईंची मुलगी सपना सीमा सुरक्षा दलात आहे, सध्या सुट्टीवर आलीय. निघताना हळूच म्हणाल्या, "सपना आपल्यासंग वाढाले राहीन."

"ती जेवायला बसेल," मी म्हटलं.

"माणसायच्या पंगतीत पोरगी?"

"फौजेच्या पंगतीत."

पटलं नाही त्यांना. चेहऱ्यावर दिसत होतं.

२ फेब्रुवारी

आमंत्रणं करत फिरले. एक सुभेदारसाहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कार्यक्रमाचे अध्यक्ष कोण?" अध्यक्ष नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले. मग रोडगे ऐकून खुलले.

तानबाचं मात्र जड गेलं. तानबा कापसाच्या जिनिंगवर चौकीदार आहे. फौजेत लांगरी होता — पलटणीचा स्वयंपाकी. हात जोडून म्हणाला, "मले काऊन बोलावता बाई? म्या बंदूक नाई चालवली. पोळ्या केल्या नुसत्या."

"त्या पोळ्या खाल्ल्या कोणी?"

"पलटणीनं."

"मग या."

हसला. येतो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

४ फेब्रुवारी

आज दुकानात आमचे भाऊ आले. भाऊ म्हणजे गावातले पुढारी, दर निवडणुकीला उभे राहतात. बसले, चहा घेतला. म्हणाले, मंडप माझा, साउंड माझा, बॅनर मी छापून घेतो. तुम्ही बायकांनी फक्त स्वयंपाक पाहायचा.

बॅनरवर कोणाचा फोटो, ते विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "भाऊ, मंडप नको. तुम्ही या."

"बोलायला ना?"

"वाढायला."

कप अर्धाच ठेवून उठले. ते गेल्यावर केशव माझ्यावर चिडला. "त्यांच्या घरचं लग्नाचं कापड आपल्याकडून जातं. सगळ्या गावाशी वाकडं घेशील काय?"

पण बॅनर येणार नाही म्हणजे नाही.

६ फेब्रुवारी

पाऊस! फेब्रुवारीत! पहाटे गारांसकट कोसळला. देवकाबाईंकडे धावले तर अंगणात त्या उभ्या, पदर भिजलेला, आणि समोर रचलेल्या गोवऱ्यांचा चिखल झालेला. ताडपत्री वाऱ्याने कुठच्या कुठे नेली होती.

रोडगे गॅसवर होत नाहीत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पाहिजे, तोही कोरड्या गोवऱ्यांचा. शकुंतलाबाई म्हणाल्या, रद्द करू. भाऊंचा माणूस दुपारी दुकानावरून जाताना विचारून गेला, "काय वहिनी, कॅटरर पाठवू का?"

मी शटरच्या आत जाऊन रडले. इथे लिहायला हरकत नाही.

७ फेब्रुवारी

काय दिवस होता!

सकाळी देवकाबाई एकट्याच निघाल्या. डोक्यावर रिकामं टोपलं. दारोदार. प्रत्येक दारात एकच वाक्य — "कोरड्या असतीन त्या दे बाई, उद्या फौज जेवून राह्यली." मी मागून पोचेपर्यंत त्यांची अर्धी गल्ली झाली होती.

आणि लोकांनी दिल्या. गोठ्यातल्या दिल्या, माळ्यावरच्या दिल्या. एका म्हातारीने होळीसाठी जपलेल्या काढून दिल्या आणि वर म्हणाली, होळीचं होळीले पाहू. कोणी डोक्यावर आणल्या, कोणी सायकलवर, एक ऑटोवाला पोत्यात भरून घेऊन आला आणि भाड्याचं नाव काढलं तर रागावला. दिवस मावळायच्या आत वावरात ढीग लागला, माझ्या उंचीचा.

ताडपत्री घेऊन केशव आला. चार जणांना सोबत घेऊन. ढीग झाकला, कडेने दगड ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कापडाचं पाहून घेऊ. नाही घेतलं त्यांनी तर नाही घेतलं."

८ फेब्रुवारी, रविवार

झालं. जिंकलो! हाताला पिठाचा वास आहे, केसांत राख आहे, आंघोळीआधीच लिहायला बसलेय.

चार वाजता आर पेटवला. धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. निखारे पडले तशा बायका रोडगे सोडत गेल्या, काठीने फिरवत, राखेत दाबत. पाच वाजल्यापासून माणसं यायला लागली. म्हातारे फौजी मेडल लावून आले, कोणी साध्या बंडीत. सुट्टीवरचे जवान आधी बांधावरच उभे राहिले, लाजत. देवकाबाई एकेकापाशी गेल्या. हात धरून आणलं. "कवा आला रे बाप्पा?" प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाला.

सपना आली ती पदर खोचूनच. वरणाची बादली उचलली. मी काढून घेतली. आईकडे बघितलं तिने. शकुंतलाबाई भाजीच्या गंजापाशी डाव घेऊन होत्या, सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी डाव खाली ठेवला. मग स्वतः पत्रावळ घेतली, पंगतीत मांडली आणि म्हणाल्या, "बस. मी वाढतो तुले."

सपना बसली. शेजारच्या सुभेदारसाहेबांनी सरकून जागा दिली आणि तिला पोस्टिंग विचारलं. दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते जेवण संपेपर्यंत थांबलं नाही.

तानबा आला होता! पण पंगतीत कुठला. आरापाशी उकिडवा बसून रोडगे उलटत होता. "हा कच्चा हाय अजून," म्हणत होता. देवकाबाईंनी त्याच्या हातातली काठी घेतली.

"कच्चा असो का जळका. आमी पाहू. तुमी तिकडं बसा."

"मांगून बसतो न मावशी. लांगरी सगळ्यायच्या मांगून जेवते."

"आज नाई."

पहिल्या पंगतीत बसवला. मीच वाढलं. रोडगा फोडला, वर तूप सोडलं. दोन घास खाल्ले आणि मान खाली घालून थांबला. मी विचारलं, तिखट झालं का? मान हलवली. "गरम हाय बाई," म्हणाला. "गरम जेवाची सवय नाई मले." मग जो जेवायला लागला, चार रोडगे झाले.

भाऊ आले. फोटोवाला सोबत. मला वाटलं, झालं आता. पण देवकाबाईंनी काही विचारलंच नाही, वरणाची बादली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "त्या ओळीत वरण नाई पोचलं." भाऊंनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. वाढलं बिचाऱ्यांनी, कमरेत वाकून, सगळ्या ओळीला. खरं सांगते, चांगलं वाढलं.

कोणी भाषण केलं नाही. सुभेदारसाहेबांनी हात धुताना फक्त म्हटलं, रिटायर झाल्यापासून कोणी आग्रह करून वाढलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

अंग ठेचल्यासारखं दुखतंय. दुकान उशिरा उघडलं. जो येतो तो विचारतो — पुढच्या वर्षी कधी?

भाऊंच्या घरून कापडाची यादी आली. केशव दिवसभर शीळ घालतोय.

११ फेब्रुवारी

सपनाची सुट्टी रद्द झाली. सुट्टीवरच्या सगळ्यांनाच तातडीने परत बोलावलंय. का, ते ती सांगत नाही.

सकाळी स्टेशनवर आम्ही सगळ्याजणी गेलो. देवकाबाई पण. प्रफुलला त्यांनी शेवटचं याच फलाटावरून पोचवलं होतं, त्यानंतर इकडे पाय ठेवला नव्हता. गाडी लागली तेव्हा त्यांनी सपनाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "वापस येजो," म्हणाल्या. गाडी हलली, सपना दारात उभी. देवकाबाई सोबत चालत होत्या, फलाट संपेपर्यंत. "येजो बाई. येजो."