तिन्हीसांजेचा अलार्म

२ सप्टेंबर
प्रसाद गेला परत टोरांटोला. जाताना घराला अलार्म बसवून गेला. दाराला सेन्सर, किचनच्या खिडकीला सेन्सर, पॅसेजमध्ये पांढरं पॅनेल. बी विंगमध्ये चोरी झाली ना, मग मुलाचं प्रेम उतू गेलं. मालक म्हणून नंबर स्वतःचा टाकलाय. मला फक्त चालू-बंद करायचा कोड. आईला आंघोळ मी घालते, गुडघ्याला तेल मी लावते, आणि या घरात मी पाहुणी.
भावाला आजपासून साहेब म्हणायचं.

६ सप्टें.
साहेबांचा मेसेज: काल पावणेसातला दार उघडं का होतं?
का म्हणजे? आईने दिवा लावला म्हणून. देवगडला लावायची तसाच घाटकोपरलाही लावते, आणि दिवा लागला की दार उघडायचं हे तिचं जन्मापासूनचं. साहेबांनी सहापासून पाळत लावून ठेवलीय. भोंगा दहानंतरच वाजतो, पण सहापासून दार उघडलं की यांच्या मोबाईलवर निरोप जातो. आईला सांगून बघितलं. म्हणाली, "तिन्हीसांजेक दार लावून बसतत काय गो? लक्ष्मी काय खिडकेतसून येतली?"
बीएस्सीला हा प्रश्न नव्हता.

११ सप्टें.
आज बारावीचं प्रॅक्टिकल लांबलं. घरी येऊन चप्पल काढते तोच मेसेज. ताई, आज साडेसातला? आई एवढा वेळ एकटी?
वर्गात मी पोरांची हजेरी घेते. माझी हजेरी कॅनडातून. स्वतः आईला फोन महिन्यातून एकदा, तोही गाडी चालवताना.

१४ सप्टें.
हद्द झाली. फॅमिली ग्रुपवर साहेबांनी दाराचा रिपोर्ट टाकला. कधी उघडलं, किती वेळ उघडं राहिलं, सगळं लाल अक्षरांत. खाली लिहिलंय, "ताई थोडी केअरलेस आहे. असंच चाललं तर आईला कर्जतच्या त्या सीनियर होममध्ये ठेवण्याचा विचार करावा लागेल." वर हात जोडल्याचं चित्र.
तासाभरात डोंबिवलीहून मावशीचा फोन. तू म्हणे आईला टाकून फिरतेस. मी फिरते! गेल्या वर्षी एकदा माथेरानला गेले होते, तेही कॉलेजच्या सहलीबरोबर, पोरं मोजत.
आईला यातलं काही सांगितलं नाही. कर्जतचं तर नाहीच. भांडी घासताना रडू आलं आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

१५ सप्टें.
सूड घ्यायचा. लिहून बघितलं. बरं वाटलं.

१७ सप्टें.
सुट्टी टाकून पॅनेलचं झाकण उघडलं. आत वायरी बसवायच्या जागा. दार, खिडकी, आणि एक रिकामी: पॅनिक. म्हाताऱ्या माणसाने संकटात दाबायचं बटण तिथे जोडतात. दाबलं की घरात आवाज नाही, पण कंपनीकडून मालकाला आपोआप फोन जातो आणि उचलेपर्यंत वाजत राहतो. साहेबांनी बटण बसवलंच नव्हतं. आई उगाच दाबत बसेल, म्हणाला होता.
आपल्याकडे तिन्हीसांज होते तेव्हा तिकडे सकाळचे नऊ. साहेबांची रोजची मीटिंग.
जागा रिकामी आहे. काय सुंदर जागा आहे.

२१ सप्टें.
लॅमिंग्टन रोडवरून तळहाताएवढा बोर्ड आणला, एक रिले, म्हणजे बोर्डाने सांगितलं की आपोआप दाबलं जाणारं बटण, दाराला वेगळा चुंबकाचा सेन्सर. सॉफ्टवेअर फुकटचं. घरचा हब म्हणतात याला. लोक यावर दिवे लावतात, पंखे लावतात. आपण भाऊ लावू.
पहिल्या फटक्यात वाट लागली. साहेबांच्याच सेन्सरच्या वायरीतून जोड घ्यायला गेले. तिच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर असतो, तो निघाला आणि पॅनेलला वाटलं कोणी वायर कापली. त्याला दहा वाजायची वाट बघावी लागत नाही. भोंगा. अख्खा मजला बाहेर. समोरच्या वाघमारेकाकू लाटणं घेऊन आल्या. साहेबांचा लगेच फोन, काय केलंस? म्हटलं झाडू लागला.
झाडूवर विश्वास बसला त्याचा. माझ्याबद्दल मत काय आहे ते कळलं.

२५ सप्टें.
झालं. साहेबांच्या वायरीला हात न लावता, रिले थेट पॅनिकच्या रिकाम्या जागेत. नियम साधा: सहा ते साडेसात दार उघडलं, अर्धा मिनिट थांब, पॅनिक.
आईने दिवा लावला, हात जोडले, दार उघडलं. मी कणीक मळत होते. आईचा मोबाईल वाजला. प्रसाद! धापा टाकत. आई, ठीक आहेस ना? घरात कोण आहे? आई म्हणाली, कोण असणार, ताई आहे, तू जेवलास का.
हसू दाबताना कणीक सैल झाली. चपात्या वाईट झाल्या. दोन जास्त खाल्ल्या.

२७ सप्टें.
तीन दिवस लागोपाठ. काल म्हणे क्लायंटसमोर फोन वाजला. मला विचारतो, ताई, हे पॅनिक कुठून येतंय? म्हटलं मला काय माहीत, सिस्टीम तुझी, नंबर तुझा, मी आपली केअरलेस.
झकास.

१ ऑक्टोबर
साहेबांनी कंपनीचा माणूस पाठवला. दुपारीच रिले काढून कपाटात, साड्यांखाली. त्याने तपासलं, सगळं ओके म्हणाला, चहा पिऊन गेला. संध्याकाळी परत जोडलं.
साहेबांना फोन बंदही ठेवता येत नाही. एखाद दिवशी खरंच काही झालं असेल तर? हीच भीती तर त्याने मला विकली होती. आता स्वतः वापर म्हणावं.

४ ऑक्टो.
एक गोष्ट लक्षात आली नव्हती.
आई हल्ली साडेपाचलाच तोंड धुते. केस विंचरते. आज धुतलेलं पातळ नेसली. दिवा लावते, दार उघडते, आणि मोबाईल हातात घेऊन तिथेच स्टुलावर बसते. वाघमारेकाकूंना सांगत होती, "दार उघडल्यार लक्ष्मी येता काय नाय ता माका म्हायत नाय. माझो झील मात्र येता."
काकू म्हणाल्या, नशीबवान आहात. रोज मुलगा फोन करतो, कुणाचा करतो?
मी आत होते. रोज सगळं करणारी आत होते.

८ ऑक्टो.
साहेब पण आता पाच-दहा मिनिटं बोलतो. घाबरून फोन करतो, मग आई सोडत नाही. आज तिने त्याला सोलकढी कशी करायची ते सांगितलं. मला कधी सांगितली नाही, बघून शिकले.
मी याला शिक्षा द्यायला निघाले आणि आईच्या नजरेत श्रावणबाळ करून बसले. बंद करावं असं मनात येतं. मग ग्रुपवरची ती लाल अक्षरं उघडून वाचते. नाही करत बंद.

१२ ऑक्टो.
जिंकले.
साहेबांचा फोन, मला. आवाज पडलेला. म्हणाला, "ताई, हरलो मी. बॉसने दोनदा ऐकवलं. मालक म्हणून तुझा नंबर टाकतो, मी ॲप काढून टाकतो. आईचं तू बघतेस, तूच बघ. ग्रुपवर जे लिहिलं ते चुकलं."
म्हटलं, मग ग्रुपवरच लिही तसं. लिहिलं त्याने. सगळ्यांसमोर सॉरी. मावशीने अंगठा दाखवला. कर्जतचं नाव नाही.
एवढे दिवस ज्याची वाट बघितली ते मिळालं. आज वरणात फोडणी दोनदा घातली, इतकी खूश.

१३ ऑक्टो.
दार उघडलं. अर्ध्या मिनिटाने किचनमध्ये माझा फोन वाजला. कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज: आपल्या घरात आपत्कालीन सूचना आहे.
मालक मी ना आता.
आई हात पुढे करून किचनच्या दारात. "प्रसाद मा? दी माका." राँग नंबर म्हटलं. ती परत स्टुलावर जाऊन बसली.

१५ ऑक्टो.
आज तिने तीनदा दार लावून उघडलं. तिन्ही वेळा माझा फोन. तिसऱ्यांदा फोन बंद करून फ्रीजवर ठेवला. जेवताना म्हणाली, "मशीन बिघडला काय गो? तुका येता मा सगळा, बघ जरा."
बघते म्हटलं. पॅनेलचं झाकण उघडून उगाच वायरी हलवल्या. ती मागे टॉर्च धरून उभी. मशीन उत्तम चाललंय. बिघडलंय ते टोरांटोत.

१६ ऑक्टो.
दुपारी साहेबांना मेसेज केला, आईला फोन कर. दोन निळ्या खुणा. उत्तर, वीकेंडला करतो नक्की. आता भीती नाही ना, मग वीकेंड.
डोकं फिरलं. त्या पहिल्या रागापेक्षा जास्त.

१७ ऑक्टो.
कॉलेजातून लवकर आले. ॲप उघडून बसलेय. मालक मी आहे, पॅनिकचा फोन कुणाला जायचा ते मी ठरवते. त्याचा नंबर टाकलाय. सेव्ह करायचं की नाही एवढंच विचारतंय.
सॉरी म्हटलेल्या माणसाला परत रोज घाबरवायचं. तो म्हणेल ताई सूड घेतेय, आणि खोटं नाही ते, राग गेलेला नाही. आईसाठी करतेय हेही खोटं नाही. दोन्ही वेगळं करून बघितलं, होत नाही. उद्या त्याला कळलं की हे सगळं मीच जोडलंय तर कर्जत परत निघेल, हेही आहे.
साडेसहा होत आले. आईने दिवा लावला. धुतलेलं पातळ आजही नेसलीय. बाहेरून विचारतेय, "दार उघडू काय गो?"
थांब म्हटलंय.