मी बसने जातेय

एवारिस्तो,

आजच्या प्रचारसभेला मी येत नाही. कुणी विचारलं तर ताप आलाय म्हण. काल जवानांच्या अंत्यविधीत तू भाषण करत होतास, तेव्हा ओफेलिया नावाच्या एका आईनं माझा हात धरला. तिचा मुलगा चालातेनांगोच्या डोंगरात बंडखोरांशी लढताना मारला गेला. तिनं साध्या मनानं विचारलं, "बाईसाहेब, तुमचा मुलगा कुठल्या तुकडीत आहे?"

मी म्हटलं, "तो मायामीत शिकतोय."

"बरं केलंत," ती म्हणाली. "जमलं असतं तर मीही माझा धाडला असता."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तेव्हापासून घरात कुठंच बसवत नाही. तिच्याकडे आज मुलासाठी प्रार्थना आहे, तिथं जातेय. गाडी आणि पहारेकरी तुला राहू देत. वाटेत बंडखोरांनी अडवलं तर माहेरचं नाव सांगेन. माझ्यामागे माणसं पाठवू नकोस, त्यानं तिचंच घर अडचणीत येईल.

घेवडा शिजवून ठेवलाय, गरम करून घे.

मायामीहून वाल्तेरचा फोन आला तर त्याला देशभक्ती शिकवू नकोस. आईनं तिथंच राहायला सांगितलंय, एवढंच म्हण.

नोएमी