सुभेदारला हाड घालणाऱ्याचा निषेध

सोमवार, २१ जुलै २०२५. सकाळी ६.४०

सुभेदार अकरा मिनिटं बसला. काही झालं नाही. बाराव्या मिनिटाला केकाटला आणि खडूसारखे तीन पांढरे खडे पडले. तिसऱ्यावर रक्ताचा ठिपका. काडीने फोडून पाहिलं. हाडाचा चुरा.

काल रविवार. गटारी यंदा गुरुवारी आल्यामुळे सगळ्या बिल्डिंगने ती कालच उरकली. जिन्यात दिवसभर मसाल्याचा वास. म्हणजे काल कुणीतरी माझ्या कुत्र्याला हाड घातलं.

संशयित दोन. वरचा केतन (जिम, बिर्याणी) आणि समोरच्या आवडाबाई (कोळीण, दिवसभर दार उघडं).

प्रतिज्ञा: ज्या दारातून हाड आलं, त्याच दारात सुभेदार बसेल. पोटभर बसेल. मी समोर उभा राहून बघेन. हे वाक्य मी अधोरेखित करत आहे.

अडचण: सध्या तो बसतो, पण होत नाही. आधी उपचार, मग सूड.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३०

माजिवड्याच्या डॉक्टर चित्रा यांच्याकडे नेलं. एक्स-रेमध्ये पोटात पांढरा दगडी पट्टा. एनिमा दिला. सुभेदारने सगळा वेळ माझ्याकडेच पाहिलं, जणू मीच केलंय. मी त्याचं डोकं धरून होतो. डोळ्यात काहीतरी गेलं. एसी फार होता.

डॉक्टर म्हणाल्या, शिजवलेलं हाड सगळ्यात वाईट. त्याच्या कपच्या होतात, आतडं खरवडतं, चुरा शेवटी सिमेंटसारखा बसतो. पुन्हा असंच झालं तर पोट उघडावं लागेल, आणि आता त्याचं वय आठ, तेव्हा वाचेलच असं मी सांगत नाही. मग विचारलं, घरी हाडं देता का? मी ठामपणे नाही म्हणालो. दक्षताला खोकला आला. बहिणीला नेऊ नये अशा ठिकाणी.

आमच्याकडे रविवारी फक्त मटणाच्या नळीचं सूप असतं. ते औषध. बारा शिट्ट्या. आणि डॉक्टर म्हणाल्या ‘शिजवलेलं’. नळी उकडलेली असते. शब्द नीट ऐकले पाहिजेत.

मंगळवार, २२ जुलै

केतनला जिन्यात गाठलं. म्हणाला, भावा, आम्ही आठ जण होतो, बिर्याणी चार किलो, हाडाला मांस शिल्लक राहिलं तर कुत्र्याला देणार ना! आणि तुझा सुभेदार माझ्याकडे बघतपण नाही, साला अ‍ॅटिट्यूड आहे त्याच्यात. हसला. हसणारा माणूस नेहमी काहीतरी लपवत असतो.

आवडाबाईंना विचारणार होतो, त्यांनीच मला विचारलं. काय रं पोरा, सकालचे पारी कुत्र्याचे मांगं काडी घेऊन काय फिरतंस? मी म्हटलं, चौकशी चालू आहे. त्या म्हणाल्या, कुनाची, त्याची का तुजी?

नोंद केली.

बुधवार, २३ जुलै

ज्याला लिहिता येतं त्याने मारामारी करू नये. मी अकरावी सोडली असली तरी कोलशेत रोडवरच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात शेवटचं प्रूफ माझ्याशिवाय जात नाही. अख्ख्या ठाण्यात ‘हार्दीक’ लिहिलं जातं. आमच्याकडे ‘हार्दिक’.

मजकूर तयार केला:

सुभेदारला हाड घालणाऱ्याचा जाहीर निषेध! निषेध! निषेध! दोषीने स्वतःहून पुढे यावे. – मितेश, तळमजला.

खाली सुभेदारचा फोटो, जीभ बाहेर. तीनदा तपासला. शेठना म्हटलं, घरचं काम आहे, तुम्हीच बसवा. ते म्हणाले, तयार डिझाइन आहे त्यात टाकतो, तू जा.

आता थरकाप उडेल.

गुरुवार, २४ जुलै. दीप अमावस्या

सकाळी गेटवर फ्लेक्स लावला. मला नऊची घाई होती आणि मी मजकूरच तपासला, कारण माझं काम मजकुराचं. मजकुरात एकही चूक नाही.

मागे फुगे होते. कोपऱ्यात केक. वर सोनेरी मुकुट. आमच्याकडे लांबून फ्लेक्स कुणी वाचत नाही, फोटो आणि फुगे बघतात.

संध्याकाळी परतलो तर चौदा जणांनी सुभेदारला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या. केतनने त्याला हार घातला होता. आणि आज मटण खायचा शेवटचा दिवस म्हणून गुरुवार न पाळणाऱ्या कुणीतरी दाराच्या कडीला कॅरीबॅग अडकवलेली. वर चिठ्ठी: ‘बड्डे बॉयला’. आत हाडं.

आवडाबाई म्हणाल्या, किती वर्षांचा झाला रं? आधी सांगाचा, मी सोडे आनले असते.

फ्लेक्स उतरवला. पिशवी नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकली. सगळी. एक नळी सोडून. ती चांगली होती.

शनिवार, २६ जुलै

श्रावण लागला. बिल्डिंगमध्ये आता कुणी अंडंही फोडत नाही. होड्या बंद, आवडाबाईंची पाटी उपडी. केतनसुद्धा आईच्या धाकाने महिनाभर पनीरवर. शत्रूची सगळी हत्यारं आपोआप म्यान झाली.

सुभेदार काल आणि आज व्यवस्थित बसला. रंग तपकिरी, आकार समाधानकारक. मात्र पंजा देताना हात जड वाटतो. अशक्तपणा आहे. डॉक्टर पोट बघतात, ताकद कुणी बघायची? ताकद मी बघणार. फ्रीजर उघडला.

रविवार, २७ जुलै. दुपारी १.१५

दक्षताने स्वयंपाकघरात श्रावणात नळी शिजवू दिली नाही. म्हटलं, शिजवत नाही, उकडतोय. म्हणाली, दादा, तू काय अक्कल उकडतोयस? छोटा कुकर आणि शेगडी गॅलरीत नेली. बाराऐवजी सोळा शिट्ट्या, अशक्तपणा जास्त म्हणून.

सुभेदारने पातेल्याजवळ बैठक मारली. मी नळी वर धरून म्हटलं, हाड! तो उजवा पंजा देतो आणि घेतो. हे मी त्याला पिल्लू असताना शिकवलं. सगळं जग कुत्र्याला हाकलताना ‘हाड’ म्हणतं. ते केवलप्रयोगी अव्यय. आमच्या घरात ते नाम आहे. बाकी कुत्री ‘हाड’ ऐकून पळतात, आमचा येतो. दोन दिवसांत शिकला. त्या वर्षी मी कॉलेज सोडलं होतं आणि घरात माझं कुणी काही ऐकत नव्हतं.

दक्षताने दारातून विचारलं, हाड म्हणतोस तर मग हे हाडच ना?

शिक्षणाचा शब्द वेगळा, वस्तू वेगळी. तिला व्याकरण कधीच नव्हतं.

मंगळवार, २९ जुलै. सकाळी ७.०५

पुन्हा. एकोणीस मिनिटं. पाठ कमानीसारखी, मागचे पाय थरथरत. पांढरे खडे. रक्त जास्त. नंतर तो गाडीखाली जाऊन बसला. हाक मारली, आला नाही.

श्रावणात! म्हणजे या बिल्डिंगमध्ये कुणीतरी गुपचूप श्रावण मोडतंय, आणि वर पुरावा माझ्या कुत्र्याच्या पोटात दडवतंय. असा नीच माणूस मी पाहिलेला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, ही दुसरी वेळ, तिसरी नको. कात्री मला चालवायला लावू नका. पुन्हा तेच विचारलं, घरी काय देता? मी म्हटलं, भात, दही, आणि सूप. त्या म्हणाल्या, कसलं सूप? मी म्हटलं, ताकदीचं. दक्षता काही बोलायला लागली तेव्हा माझ्या हातून सुभेदारचा पट्टा सुटला.

गुरुवार, ३१ जुलै

दुपारची सुट्टी घेऊन घरी आलो. जिन्याखाली दबा धरला. १.२० ला आवडाबाई वाडगा घेऊन बाहेर आल्या. सुभेदार शेपूट हलवत गेला. वाडग्यात लालसर काहीतरी. धावलो, वाडगा हिसकावला, बोट घातलं.

भोपळा.

म्हणाल्या, आरं बाला, तो बसून रडतंय त्या दिसापासून देतंय मी. भोपल्यानं पोट सुटतं. माज्या दारान हाड कुटशी येल? मावरा बंद, नि मी श्रावन पालतंय.

विचार केला. माणूस विनाकारण दहा दिवस भोपळा उकडत नाही. हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार असू शकतो. संशयितांच्या यादीत आवडाबाई एक नंबरला.

तरीही वाडगा परत दिला. त्याने संपवला.

शनिवार, २ ऑगस्ट

अचूक उपाय सुचला. माणूस खोटं बोलेल, कुत्रा बोलणार नाही. सुभेदारला ‘हाड’ म्हटलं की तो हाड देणाऱ्याकडे जाणार. उद्या रविवारी सगळे घरी असतील. सगळ्यांना खाली रांगेत उभं करायचं. मी फक्त शब्द उच्चारायचा. मग त्याच्या दारात प्रतिज्ञा पूर्ण करायची. पायपुसणी कुणाकुणाकडे आहेत, पाहून ठेवलं.

कुत्रा भुकेला हवा, म्हणून उद्याचं सूप रद्द. आज संध्याकाळी मात्र आवडाबाईंनी ऐकलं नाही, भोपळा दिलाच.

रविवार, ३ ऑगस्ट. दुपारी १२.००

चाचणी ११ वाजता झाली. हजर: केतन, त्याची आई, आवडाबाई, पहिल्या मजल्यावरचे महिपत काका (निवृत्त कंडक्टर), दक्षता. केतन म्हणाला, चल भावा, ओळखपरेड! काका म्हणाले, मला माळ जपायची आहे, लवकर उरक.

मी मधोमध उभा राहिलो. स्पष्ट उच्चारात म्हटलं, हाड!

सुभेदार माझ्याकडे आला. बसला. उजवा पंजा दिला.

मी सांगितलं, तो आवाजाच्या दिशेने आला, चाचणी ग्राह्य नाही. काका म्हणाले, मग मी बोलतो. त्यांनी एसटीतल्या आवाजात ‘हाड!’ केलं. सुभेदार माझ्याकडे आला. पंजा.

केतनच्या आईने म्हटलं. माझ्याकडे आला. मी केतनच्या पाठीमागे लपलो. तो केतनला वळसा घालून आला. केतन म्हणाला, अरे मला वासपण घेत नाहीये! मी घरात गेलो, दार लावलं. बाहेरून आवडाबाई म्हणाल्या, हाड. दारावर नखं वाजली.

बाहेर सगळे हसत होते. काका माळ विसरून हसत होते. हसला नाही तो सुभेदार, आणि आवडाबाई. दार उघडलं तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, पोरा, जीव लावलास म्हून दिलास, पन जीव लावनाऱ्यानं जीव काढाचा नसतो रं.

दक्षताने गॅलरीतून छोटा कुकर आणून माझ्यासमोर ठेवला.

उकडणे आणि शिजवणे हे दोन शब्द शाळेच्या जुन्या शब्दकोशात पाहिले. अर्थ जवळजवळ सारखे आहेत.

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ६.३०

दार उघडलं. सुभेदार आमच्याच उंबऱ्यावर, आमच्याच पायपुसण्यावर बसला. दोन मिनिटांत झालं. भरपूर. रंग तपकिरी, खडा नाही, रक्त नाही. उठला, मागचे पाय झाडले, समोरच्या दारात जाऊन वाडग्याची वाट पाहू लागला.

२१ जुलैची नोंद काढून वाचली. ज्या दारातून हाड आलं, त्याच दारात. पोटभर. मी समोर उभा राहून पाहिलं. त्यात एकही चूक सापडली नाही.

कुकर आवडाबाईंना दिला, भोपळ्यासाठी. विचारलं, शिट्ट्या किती? म्हणाल्या, दोन.

पायपुसणं मीच धुतलं. दक्षता चहा घेऊन आली आणि म्हणाली, काय दादा, निषेध?

नोंदवला. एकदाच.