ट्रॉयला परतलेली गाडी

पिंपळखेडा, ता. आर्वी
१२ ऑगस्ट २०२५

चि. मयुरीस,

काकाचा सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. सोयाबीन फुलावर आलं आहे, आता थोडी उघाड हवी. तुझी काकू म्हणते, नालवाडीच्या खोलीत पोरगी नुसती मॅगी खाऊन राह्यली असंल.

फोन केला असता, पण लिहिलं की माझा विचार सरळ चालतो. तर ऐक. तुझी कादंबरी छापण्याआधीच गावात वाचून झाली. तू पानं पाठवलीस भाषा तपासायला. पण यंदा झड लागली, लोक शेतात जाऊ शकले नाहीत, सकाळीही विहारात येऊन बसले, आणि पावसाळाभर विहारात वाचायचा वर्षावासाचा ग्रंथ लवकर आटोपला. तरी संध्याकाळी वंदनेनंतर सगळे मांडी घालून तयार. मग मी तुझीच पानं चौरंगावर ठेवली.

ग्रीकांनी ट्रॉय नगराला वेढा घातला, इथपासून सुरुवात केली. शेजारचे बंडूजी बाजारातून येता येता टेकले होते. त्यांनी विचारलं, हे ट्रॉय नागपूरच्या कोणत्या बाजूले येते? ट्रॉयचा राजपुत्र मारला गेला तिथं मी चष्मा पुसायला थांबलो. लोकांना वाटलं वाचन संपलं, आणि सवयीनं सगळे हात जोडून तीनदा साधु म्हणाले. मारणाऱ्या ग्रीकाला असा मान त्याच्या गावातही मिळाला नसेल.

पण पुढचं हसण्यासारखं नाही. म्हातारा राजा खेचरांची गाडी घेऊन शत्रूच्या तळावर जातो, पोराचा देह मागतो. तू लिहिलंस की देवीनं त्या देहाचं धुकं करून टाकलं, आणि गाडी रिकामी परतली. तिथं पुस्तक संपलं. जिजाबाई उठून गेल्या. त्यांचा रुपेश दोन वर्षांपूर्वी नदीच्या पुरात गेला आणि सापडला नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून त्या कोणाशी बोलत नाहीत. विहारात तेवढ्या येत. आता तेही बंद झालं.

पोरी, त्या राजाला त्याचा मुलगा दे. एवढं काकाचं ऐक.

माया आहेच, ती अशीच चालू दे.
तुझा प्रेमदासकाका

नालवाडी, वर्धा
१९ ऑगस्ट २०२५

ती. काकास,

मयुरीचा सविनय जयभीम. वि. वि.

आधी भांडण. विहारात युद्धाची गोष्ट! आणि तीही माझी कच्ची! काकूंना सांगा, पोरगी स्वयंपाक करते, फक्त भांडी घासत नाही.

काका, मूळ दंतकथेत देह परत मिळतो. मारणारा तो ग्रीकच म्हाताऱ्याबरोबर रडतो, आणि अंत्यविधी होईपर्यंत युद्ध थांबतं. मी मुद्दाम बदललं. धुक्याचा शेवट प्रकाशकांना फार आवडला. मलाही आवडला होता. लिहिताना जिजाकाकू एकदाही डोळ्यांसमोर आल्या नाहीत, याचं आता वाईट वाटतं.

नवी पानं पाठवते आहे. राजाला मुलगा मिळाला. जिजाकाकूंना वाचून दाखवा. रागावला नसाल असं धरून चालते.

तुमची मयुरी

पिंपळखेडा
१ सप्टेंबर २०२५

चि. मयुरीस,

सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

नवी पानं घेऊन जिजाबाईंच्या अंगणात गेलो. त्या तूर निवडत होत्या. ऐकलं सगळं, सूप खाली ठेवलं, आणि माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, तुले कोणी सांगतलं होतं बदलवाले? काय लहान लेकरू समजून राह्यला मले? मढं देलं का नाई देलं, तो त्याइचा मामला. मले हे सांग, रिकामी गाडी घेऊन घरी गेल्यावर त्या बुढ्यानं काय केलं?

मग त्यांनी सांगितलं, त्या दिवशी उठून गेल्या त्या याच रागानं. गाडी रिकामी आली, आणि तुम्ही सारे चहा प्यायला उठले, असं म्हणाल्या.

मी त्यांच्या दुःखावर पांघरूण घालायला गेलो होतो, पोरी. त्यांना ते नको होतं. आता तूच सांग, काय केलं त्या म्हाताऱ्यानं?

तब्येत सांभाळ, लोभ आहेच.
प्रेमदासकाका

नालवाडी
२१ सप्टेंबर २०२५

ती. काकास,

सविनय जयभीम. वि. वि.

फार दिवस लागले. मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. तरी लिहिलं. राणीनं मुलाला शेवटची आंघोळ घालायला पाणी तापवून ठेवलेलं असतं. गाडी रिकामी येते. राजा खेचरं सोडतो, आणि त्यांचे धुळीनं भरलेले पाय त्याच पाण्यानं धुऊ लागतो. राणी बघत राहते. मग तीही तांब्या उचलते.

धुकं परत आणलं आहे, पण पुस्तक आता तिथं संपत नाही, हे प्रकाशकांना कळवलं. ते नाराज आहेत. जिजाकाकूंना खोटं वाटलं तर पानं फाडा, मी पुन्हा लिहीन.

काकूंना नमस्कार.
मयुरी

पिंपळखेडा
८ ऑक्टोबर २०२५

चि. मयुरीस,

सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

काल पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. जिजाबाईंना मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. तुझं प्रकरण शेवटी वाचलं. वाचून होताच मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, बरोबर हाये, जनावराले काय समजते कोण गेलं अन् कोण रायलं.

मग त्या थांबल्या नाहीत. नदीवरचा शोध बंद झाला त्या दिवशीचं सांगू लागल्या. घरी आल्या तर गाय हंबरत होती, धारेची वेळ टळून गेलती. बसून धार काढली. दुधाचा गंज काठोकाठ भरला. अन् मंग समजेच नाई, म्हणाल्या, हे दूध प्यायले आता घरात कोण हाये. रुपेशचं नाव त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा घेतलं. तो लहानपणी धारोष्ण दूध प्यायला वासरासारखा येऊन बसायचा, हेही सांगितलं, आणि सांगताना थोडं हसल्या.

खिरीचं पातेलं बाहेर थंड होत होतं. त्यांचं बोलणं होईपर्यंत एकही माणूस उठलं नाही.

काकाची माया तुझ्या पाठीशी आहे.
प्रेमदासकाका