झोकांडीत नापास

माहेरी जाऊन बसलेल्या बायकोस,

दारू सोडणाऱ्यांची पहिली मंडळी कशी जमली, त्यावरच्या सिनेमात मला दारुड्याचं काम मिळालंय. कॅमेरा सुरू झाला आणि मी पावलं मोजत, अगदी नाकासमोर चाललो. दिग्दर्शक खेकसला, "अहो, झोकांड्या खा! आयुष्यात दारुडा पाहिलाय का कधी?"

आता त्याला काय कपाळ सांगू? प्यायलेला नवरा घरात सरळच चालतो. मी चपला जोडीने नीट लावून ठेवल्या, की तू लगेच ओळखायचीस.

सात महिने थेंब घेतलेला नाही. पण ‘सोडली’ म्हणणारी माझी नऊ पत्रं तुझ्याकडे आहेत. म्हणून हे दहावं पोस्टात टाकत नाही, स्वतःच घेऊन येतो आणि दाराखालून आत सरकवतो. दाराबाहेर चपला वेड्यावाकड्या दिसल्या, तर आत घे.

तुझाच,
आता फक्त कॅमेऱ्यापुढे सरळ चालणारा